चर्चा : ट्रायपार्टाइट सुरुंगशोधक जहाजांना ‘तरंगते भंगार’ म्हणणे कितपत योग्य?

दर्यावर्दी (धागाकर्ता)
युक्रेनच्या आरमाराविषयीच्या धाग्यावर काल ‘प्रश्नचिन्ह’ यांनी लिहिले की, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी आपली जुनी ट्रायपार्टाइट जहाजे बल्गेरिया व युक्रेनच्या गळ्यात मारली आहेत, ते ‘तरंगते भंगार’ आहे, आणि पाणसुरुंग पेरलेल्या समुद्रात माणसांनी भरलेले जहाज नेणे हा मुळातच वेडेपणा होता. दोन ओळींत उत्तर देऊन मी गप्प बसणार होतो. परंतु त्या प्रतिसादाला मिळालेली वाहवा पाहून राहवले नाही.

फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तीन देशांनी 1970च्या दशकात पाणसुरुंग शोधणाऱ्या जहाजाचा एकच आराखडा ठरवला; म्हणून ते ‘ट्रायपार्टाइट’, म्हणजे त्रिपक्षीय. सुरुंगशोधाची यंत्रणा फ्रान्सने, विजेची बाजू बेल्जियमने आणि मुख्य इंजिनाची बाजू नेदरलँड्सने सांभाळली. फायबरचे, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचे, सांगाडे मात्र ज्याने त्याने आपापल्या गोदीत बांधले. नेदरलँड्सने 15, तर फ्रान्स आणि बेल्जियम यांनी प्रत्येकी 10 जहाजे घेतली. डच जहाजांना गावांची, बेल्जियमच्या जहाजांना फुलांची आणि फ्रेंच जहाजांना तारकासमूहांची नावे मिळाली. पुढे इंडोनेशियाने दोन बांधून घेतली, पाकिस्तानकडे तीन गेली, लॅटव्हियाने डचांकडून पाच घेतली आणि बल्गेरियाने आधी बेल्जियमकडून एक व नंतर डचांकडून दोन. भंगार विकत घ्यायला इतकी आरमारे रांगेत उभी राहतात का?

प्रश्नचिन्ह
रांग रेशनच्या दुकानापुढेही लागते, म्हणून तेथील तांदूळ बासमती ठरत नाही. गरीब आरमारे जुने घेतात, कारण नवे परवडत नाही. माझा मुद्दा साधा आहे. ज्यांनी ही जहाजे बांधली, त्याच बेल्जियमने आणि नेदरलँड्सने 2019 मध्ये बारा नव्या जहाजांचा करार केला आणि त्यांत जुनी कल्पना मोडीत काढली. नवे जहाज ऐंशी मीटरहून लांब आणि सुमारे 2,800 टनांचे आहे, म्हणजे जुन्याच्या चौपटीहून अधिक, आणि ते पोलादाचे आहे. ते सुरुंगांच्या बाहेर थांबते. आत जातात त्या बारा मीटरच्या मानवरहित नौका आणि पाण्याखालचे ड्रोन. ज्यांनी चाळीस वर्षे फायबरचा संसार केला, त्यांनीच घटस्फोट घेतला असेल, तर आपण कशासाठी रडायचे?

हॉलंडवासी
मी गेली अकरा वर्षे नेदरलँड्समध्ये राहतो. डेन हेल्डरच्या नौदल खुल्या दिवसांत मी यांतील एका जहाजावर मुलीला घेऊन चढलो होतो. ते अवघे साडेएक्कावन्न मीटरचे आहे. शोधकामाच्या वेळी मुख्य डिझेल इंजिन बंद करून सुकाणूत बसवलेल्या विद्युत मोटारींवर ते जवळजवळ जागच्या जागी तरंगत राहते, असे तेथील खलाशाने सांगितले. मागच्या डेकवर ‘पाप’ नावाचा पाण्याखालचा यंत्रमानव ठेवला होता. त्याच्या पोटाखाली एक जड दोर लोंबत होता. तो तळावर घासत जातो आणि यंत्र तळापासून ठरावीक उंचीवर राहते. शंभर किलोंचा स्फोटक डबा सुरुंगाशेजारी ठेवून यंत्र परत येते, मग जहाज दूर सरते आणि डबा उडवला जातो. म्हणजे ‘प्रश्नचिन्ह’ ज्याला नव्या युगाचा ड्रोन म्हणतात, त्याचा आजोबा याच जहाजावर पहिल्या दिवसापासून काम करत होता.

मुलीने विचारले, “बाबा, हे जहाज प्लास्टिकचे आहे का?” तो खलाशी हसून म्हणाला की, होय, आणि म्हणूनच आम्ही जिवंत आहोत.

रत्नागिरीकर
प्लास्टिकचा विषय निघालाच आहे, तर ज्याच्या घरी फायबरची नौका आहे त्याचे ऐका. आमच्या घरची जुनी नौका लाकडाची होती. नंतर वडिलांनी कर्ज काढून फायबरची बांधून घेतली. बांधणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितले होते की, वीस वर्षे हात लावावा लागणार नाही. चौथ्या पावसाळ्यात नौका वर ओढली, तेव्हा पाण्याखालच्या भागावर कांजिण्यांसारखे फोड आले होते. सुरीच्या टोकाने एक फोडला, तर आतून आंबूस वासाचे पाणी आले. रेझिन, म्हणजे काचतंतू चिकटवणारी राळ, नीट सुकण्याआधी वरचा थर चढवला, की पाणी आत शिरते आणि थर सुटतात. पावसाळी मासेमारीबंदीचा अख्खा काळ ते खरवडण्यात गेला आणि बांधणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. समुद्रात चाळीस वर्षे काढलेले फायबर कुणी ‘उत्तम स्थितीत’ म्हणून देत असेल, तर मी आधी सुरी घेऊन खाली वाकेन.

दर्यावर्दी
रत्नागिरीकर, आपल्या नौकेचे दुःख समजते; पण किनाऱ्यावरच्या शेडमधील हातकाम आणि ही जहाजे जेथे बांधली त्या फ्रान्समधील लोरियाँ किंवा नेदरलँड्समधील आल्ब्लासरडाम येथील गोदीतले नियंत्रित तापमानाचे काम यांची तुलना करणे म्हणजे घरची पणती आणि दीपगृह एका तराजूत घालणे आहे. फायबर निवडले ते हौसेने नव्हे. तळाशी पडलेला सुरुंग जहाजाची चुंबकीय खूण, आवाज आणि पाण्याचा दाब ओळखतो. पोलादी जहाज ही त्याच्यासाठी हाक असते.

रत्नागिरीकर
दीपगृहातही वात लागते, साहेब. तापमान नियंत्रित केले म्हणून रेझिन अमर होत नाही. पणती म्हणून हिणवण्यापूर्वी एकदा आमच्या मिरकरवाडा बंदरात येऊन हातात ग्राइंडर धरून पाहा. फायबरची धूळ आठ दिवस अंगातून जात नाही.

जुना इंजिनीअर
फोडांपेक्षा आगीचा प्रश्न मोठा आहे, आणि त्याबद्दल दोघेही बोलत नाहीत. नॉर्वेचे ओर्क्ला हे सुरुंगविरोधी जहाज 2002 मध्ये पेटले आणि शेवटी उलटून बुडाले. ते वेगळ्या वर्गाचे होते, हे मान्य. पण तेही फायबरचेच होते. रेझिन तापले, की ते इंधन होते. मी एका गोदीत वीस वर्षे होतो. तेथे फायबरच्या नौकेवर वेल्डिंगची ठिणगी पडून केबिन पेटली आणि पाण्याच्या बादल्या येईपर्यंत छत खाली आले होते. त्यानंतर ‘फायबर सुरक्षित आहे’ हे वाक्य ऐकले, की माझा रक्तदाब वाढतो.

हॉलंडवासी
आपला रक्तदाब हा पुरावा नाही. ही जहाजे इराण-इराक युद्धाच्या शेवटी आखातात गेली आणि 1991 मध्ये कुवेतसमोरचे सुरुंग काढायला पुन्हा गेली. त्याच वर्षी 18 फेब्रुवारीला अमेरिकेच्या ट्रिपोली आणि प्रिन्स्टन या दोन मोठ्या युद्धनौका काही तासांच्या अंतराने सुरुंगांवर आदळल्या. पोलादाची मजबुती तेथे काय कामाला आली?

प्रश्नचिन्ह
माझेच म्हणणे सिद्ध केल्याबद्दल आभार. कोणतेही जहाज त्या पाण्यात जाता कामा नये; फायबरचे नाही आणि पोलादाचेही नाही.

माझगाववाला
आपण सगळे फोड आणि ठिणग्या मोजत बसला आहात. माझे काका भारतीय नौदलाच्या आयएनएस कोकण या सुरुंग काढणाऱ्या जहाजावर होते. सोव्हिएत बनावटीच्या त्या बारा जहाजांपैकी शेवटचे, कोझिकोड, 2019 मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतर आपल्याकडे एकही उरले नाही. गोव्यातील गोदीत बारा जहाजे बांधायची होती. कोरियन कंपनीशी बोलणी फिसकटली आणि 2018 मध्ये सगळे गुंडाळले गेले. आता जुलै 2025 मध्ये पुन्हा प्राथमिक मंजुरी मिळाली आहे. कराचीकडे ज्यांना आपण भंगार म्हणतो तशी तीन आहेत. आपल्याकडे काय आहे, तर हा धागा.

काका सांगत की, सुरुंग झाडणे म्हणजे मागे तार ओढत तासन्‌तास सरळ रेषेत जाणे. तार पाण्यात सोडताना हातमोजे फाटत. आणि इतके करूनही पाणी निर्धोक झाले, असे छातीठोक सांगता येत नसे. कारण काही सुरुंग पहिली पाच जहाजे मोजून सोडतात आणि सहाव्याला फुटतात. सोनारने, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून वस्तू हुडकणाऱ्या यंत्राने, एकेक सुरुंग शोधून उडवणारे जहाज का लागते, ते मला तेव्हा कळले.

प्रश्नचिन्ह
काकांना नमस्कार. मात्र गोव्याची बोलणी का फिसकटली, हा येथील विषय नाही. काकांच्या सांगण्यातून निघते ते इतकेच, की शोधणारे यंत्र हवे. ते माणसांनी भरलेल्या जहाजातच बसले पाहिजे, असे त्यातून निघत नाही.

दर्यावर्दी
तर मग युक्रेनने आज काय करावे? नवी जहाजे बेल्जियम आणि नेदरलँड्सने स्वतःसाठी मागवली आहेत; युक्रेनला देऊ केली आहेत ती जुनीच. तीही काळ्या समुद्रात पोहोचणार नाहीत, कारण 1936च्या माँत्रो कराराचा आधार घेऊन तुर्कस्तानने 2022 पासून युद्धरत देशांच्या युद्धनौकांसाठी सामुद्रधुनी बंद ठेवली आहे. म्हणजे अडचण जहाजाच्या वयाची नसून वाटेची आहे.

आणि उत्तर समुद्रात शांततेच्या काळातही काम संपलेले नाही. 2005 मध्ये एका डच मासेमारी नौकेच्या जाळ्यात दुसऱ्या महायुद्धातील बॉम्ब आला आणि डेकवर फुटून तीन मच्छीमार गेले. तो भाग वर्षानुवर्षे तपासत राहिले ते याच ‘भंगारा’चे खलाशी.

रत्नागिरीकर
हे मला ठाऊक नव्हते. जाळे ओढताना काय वर येईल ते आपल्या हातात नसते. फायबरबद्दलचे माझे मत बदललेले नाही. पण त्या तिघांसाठी जे जहाज तळ तपासत होते, त्याला मी भंगार म्हणणार नाही.

प्रश्नचिन्ह
सर्वांच्या भावना पाहता ‘भंगार’ हा शब्द मागे घेतो आणि त्याऐवजी ‘सन्माननीय वयोवृद्ध’ असे लिहितो. पोलादी मातृजहाज आणि मानवरहित नौका हाच योग्य मार्ग आहे, हे मत कायम आहे. लॅटव्हियासारख्या देशाला तो मार्ग परवडेपर्यंत जुने जहाज चालवणे व्यवहार्य आहे, इतके मान्य करायला माझी हरकत नाही. दर्यावर्दींनी याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. पुन्हा मिळणार नाही.

दर्यावर्दी
काढला.

जुना इंजिनीअर
आगीच्या मुद्द्याला अजून कुणी उत्तर दिलेले नाही.

रत्नागिरीकर
त्याला उत्तर नाही, काका. आमच्या नौकेवर आता स्टोव्ह पुढच्या बाजूला आणि वाळूची बादली त्याच्या शेजारी असते. पण फोड पुन्हा दिसू लागले आहेत. इपॉक्सीचे किती थर द्यावेत, ते आपणच सांगा. एक ऑगस्टला बंदी उठते.