शब्द हवा आहे : ‘तृतीयपंथी’, ‘पारलिंगी’ की आणखी काही?

वेंगुर्ल्याहून विचारते आहे. वय 59. घरात, शाळेत, नोकरीत सगळीकडे पुरुष म्हणून नोंद. आपण बाई आहोत हे मला तीन वर्षांपूर्वी उमगलं. ‘कळलं’ म्हणवत नाही, कळण्याला बाहेरून कुणी सांगावं लागतं. हे आतच होतं, गाळाखाली विहिरीचा झरा असतो तसं. ‘स्वीकारलं’ हा शब्द त्यानंतरचा, आणि फार जड.

आता स्वतःसाठी नाम हवं आहे. सरकारी कागदात ‘तृतीयपंथी’ असतं. पण पंथ म्हणजे वाट, संप्रदाय. ज्यांनी गुरू केला, त्या घराला आपलं मानलं, त्यांच्यासाठी त्यात अर्थ आहे आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे. मी मात्र कुठल्या पंथात गेले नाही. ‘पारलिंगी’ बरा वाटतो, तरी ‘पार’ म्हटलं की खाडीचा पलीकडचा काठ दिसतो. मी तर इथेच होते.

कुडाळहून : ताई, ‘पारलिंगी’ला विशेषण माना. ‘पारलिंगी स्त्री’. नाम ‘स्त्री’च, तुमची अडचण तिथेच सुटते. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्याच्या हिंदी नावात ‘उभयलिंगी’ आहे, तो मराठीत तरी घेऊ नका. आपण तो शाळेत गांडुळासाठी शिकलो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरच्या) निकालात माणसाने स्वतःचं लिंग स्वतः ठरवावं, त्याला शस्त्रक्रियेची अट नको, असं म्हटलं. मग शब्दही ज्याचा त्याने ठरवावा.

वेंगुर्ल्याहून : विशेषणाचं पटलं. आभार. तुमच्या उत्तराने आणखी एक गोष्ट सुचली, नामापेक्षा क्रियापदाने मला जास्त छळलं. प्रमाण मराठीत ‘जातो’ की ‘जाते’ हे तोंड उघडताच ठरवावं लागतं. मालवणीत बाई असो की बुवा, ‘मी जातंय’. त्या ‘जातंय’च्या आडोशाला मी पन्नासहून जास्त वर्षं काढली. कचेरीत साहेबांपुढे ‘येतो’ म्हणताना दर वेळी जीभ अडखळायची, कारण ठाऊक नव्हतं. ऐन पंचविशीत दशावतारात स्त्रीपार्टी करायचे. तिथे राणीच्या तोंडी ‘येते, महाराज’ सहज यायचं. लोक म्हणत, काय अभिनय! मीही तसंच समजायचे.

कुडाळहून : हे कुणीतरी नोंदवून ठेवायला हवं. आणि मालवणीत ‘चेडू’ नपुंसकलिंगी आहे, ‘तां चेडू’, म्हणून मुलीचं मुलगीपण कुठे कमी होतं? व्याकरणाचं लिंग आणि माणसाचं लिंग या दोन गोष्टी आहेत.

वेंगुर्ल्याहून : हो. एक शेवटची शंका. मला जन्मभर ‘रे’ने हाक मारणारी चुलती, वय 83, परवा पडवीतून म्हणाली, ‘चाय पितंस गो?’ आमच्याकडे ‘गो’ थोरल्या बाईलाही चालतं, ‘आये गो’ म्हणतातच. रत्नागिरीकडे वयाने मोठ्या बाईला ‘गो’ म्हणतात का?