जुन्या दहापस्तीसला रोटाव्हेटर जोडताना जीव जातोय, सल्ला द्या

बार्शीचं_रान
राम राम मंडळी. आमच्याकडं आण्णांनी म्हणजे आजोबांनी १९८१ साली घेतलेला मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर आहे. इंजिन दोनदा बांधलंय, पण अजून पहिल्या सेल्फला उठतो. त्याच्याबरोबर आलेला नांगर आणि नऊ फणी काही न बोलता जोडली जाते. यंदा सोयाबीनचं काड मातीत घालायला पाहुण्यांकडून पाच फुटी जुना रोटाव्हेटर आणला आणि तिथून डोक्याला ताप सुरू झाला.

पहिली गोष्ट, रोटाव्हेटरच्या खालच्या पिना जाड आहेत. मोजलं तर आमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजार धरणाऱ्या दोन हातांच्या बॉलचं भोक २२ मिलिमीटर आणि पिन २८. मागच्या आठवड्यात पाहुण्यांचेच हात तात्पुरते लावून जोडून बघितलं, तर दीड तास गेला. डावा बसवला की उजवा चार बोटं बाहेर. उजवा पहारीनं ओढला की डावा निसटतो. मी इंजिन बंद करून सीटवरून उतरून मागं येईपर्यंत हात दोन इंच खाली आलेले असतात. आई पहार घेऊन उभी, मी पुढं-मागं करतोय, तिला काही सांगावं तर इंजिनच्या आवाजात ऐकू जात नाही. शेवटी ती म्हणाली, "बैल बरे होते, हाक मारली की मागं सरायचे."

रानात गेल्यावर आणखी एक. धुऱ्याला क्लच दाबून लिफ्ट उचलायला गेलो तर लिफ्ट उठतच नाही, रोटाव्हेटर जागच्या जागी बसून. पिना लेथवर घासून २२ च्या कराव्यात का? की हातच बदलावेत? की हे धूड परत देऊ?

वारणाकाठ
परत द्या. आणि जमलं तर ट्रॅक्टरही देऊन नवा घ्या. चाळीस वर्षांच्या यंत्राला किती छळायचं.

बार्शीचं_रान
दादा, आण्णांचा आहे. विकायचा विषय घरात काढला तर जेवण मिळणार नाही.

तात्या_लेथवाला
विकायची काही गरज नाही. माझ्याकडं आठवड्याला दोन तरी असली गिऱ्हाइकं येतात, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडांचे ठरलेले गट आहेत. पहिल्या गटात खालची पिन २२ मिमी, वरची म्हणजे टॉप लिंकची १९ मिमी. दुसऱ्या गटात खालची २८, वरची २५. तुमचे हात पहिल्या गटाचे आहेत आणि रोटाव्हेटर दुसऱ्या. नुसत्या जाडीचा प्रश्न नाही. पहिल्या गटात दोन खालच्या जोडांतलं अंतर ६८३ मिमी असतं, दुसऱ्यात ८२५. म्हणून तर तुमचा एक हात सारखा बाहेर राहतो. तुम्ही पहार लावून साडेपाच इंचाच्या फरकाशी भांडताय. पाहुण्यांचे हात लावल्यानं बॉल मोठा झाला, पण त्यांना पुरेसं फाकायला तुमच्या बाजूच्या चेननं सोडलं का ते बघा. आखूड चेन हाताला धरून ठेवते. मोकळी सोडली तर उचलताना हात टायरला घासतो. टायरच्या आतल्या बाजूला काळी चकाकी आलीय का ते हात फिरवून बघा.

आता पिना. २८ ची पिन लेथवर धरून २२ ची करता येते, पण मी करून देत नाही. पिन वरून कडक केलेली असते, तो थर घासून काढला की राहतं ते मऊ लोखंड. शिवाय जिथं जाडी बदलते त्या काटकोनी खाचेतच ती मोडते, आणि मोडते ती नेमकी रोटाव्हेटर उचलून वळताना. त्यापेक्षा रोटाव्हेटरच्या कानाचा, म्हणजे पिन जिथं बसते त्या पट्टीचा, फोटो टाका. पिन मागून नटनं कसलेली असेल तर ती काढून २२ ची तयार पिन बसते. दोन पट्ट्यांच्या मधून आरपार जाणारी असेल तर पट्ट्यांच्या भोकात २८ बाहेर, २२ आत असा बुश घालून बारीक पिन लावायची. बुश कानात बसवायचा, बॉलमध्ये नाही. उलट केस असती, म्हणजे तुमचा बॉल मोठा आणि पिन बारीक, तर बाजारात तयार बुश मिळतो आणि काम पाच मिनिटांचं. अंतरासाठी दोन्ही कान आतल्या बाजूला सरकवून बोल्ट मारता येतात, बहुतेक रोटाव्हेटरच्या चौकटीवर ते पकडीनं बसवलेले असतात. वेल्डिंग मात्र शेवटचा उपाय, आणि बॉलजवळ तर कधीच नाही. उष्णतेनं बॉल जाम होतो.

आणि पाने नीट बघून लावा. तुमच्या मॅसीचे बरेचसे नट इंची आहेत. १९ चा पाना पाऊण इंचीवर चालून जातो, पण अर्ध्या इंचीवर १३ चा लावला की कोपरे गेले समजा. रोटाव्हेटर मात्र सगळा मिलिमीटरमधला. दोन डबे वेगळे ठेवा.

शेंद्री_अक्का
तात्यांचं बरोबर. मी जोडायचं कसं ते सांगते, कारण आमच्या घरात हे काम माझंच. मालक ऊसतोड बघतात.

एकट्यानं जोडायचं तर क्रम मोडायचा नाही: आधी डावा हात, मग उजवा, सगळ्यात शेवटी टॉप लिंक. डावा आधी का, तर त्याची वरची दांडी ठरलेल्या लांबीची असते. उजव्या बाजूच्या दांडीला फिरवायचं हँडल असतं, त्यानं उजवा हात खाली-वर करता येतो. म्हणजे जो हलत नाही तो आधी, जो हलवता येतो तो मागून. सोडताना सगळं उलट, पहिलं टॉप लिंक. ते हँडल तुमच्याकडं फिरतं का? बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरवर ते गंजून गच्च असतं आणि लोक ते आहे हेच विसरतात. डिझेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी पाइप लावून फिरवा.

दुसरं, लिफ्टवर हात अधांतरी धरून जोडायला जाऊच नका. लिव्हर पूर्ण खाली टाका म्हणजे हात मोकळे होतात. मग डावा हातानं उचलून पिनवर सरकवायचा. दोन्ही हात वर एकाच आडव्या शाफ्टला असतात, त्यामुळं डावा उचलला की उजवाही उठतो, दचकू नका.

आणि रोटाव्हेटर मातीत ठेवून जोडायला जाता का? आमच्याकडं मी फरशीच्या तुकड्यावर लाकडी ओंडके टाकून त्यावर सोडते. जुन्या बेरिंगची चार चाकं लावून एक पाटा केलाय, त्यावर रोटाव्हेटर पायानं ढकलला तरी इंचभर सरकतो. त्या एका पाट्यानं माझी निम्मी कंबर वाचली. पावसात काळ्या रानात सोडलेलं अवजार दुसऱ्या दिवशी पहारीनं हलवायचं म्हणजे शिक्षा.

आई मागं उभी राहते त्याबद्दल मी तुमच्यावर रागावलेय असं समजा. ट्रॅक्टर मागं येत असताना अवजार आणि ट्रॅक्टरच्या मध्ये कुणीही नाही, आई तर नाहीच. आमच्या दिराचा अंगठा असाच गेलाय. मागं घ्यायचं, गिअर काढायचा, ब्रेक लावायचा, इंजिन बंद, मगच मध्ये शिरायचं.

बार्शीचं_रान
अक्का, हँडल आहे! चिखल आणि ग्रीसच्या गोळ्याखाली होतं. मी आजवर ते लिफ्टच्या दांडीचा भाग समजत होतो.

कोल्हापूरचा_इंग्लंडात
वाचून हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं. मी इथं वूस्टरशायरला राहतो, शनिवार-रविवारी शेजारच्या म्हाताऱ्याच्या ट्रॅक्टरशी झटापट करतो. त्याच्याकडं फर्ग्युसन टीई-२० आहे, करड्या रंगाचा, १९५० च्या आसपासचा. हे कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनले. तुमचा १०३५ त्याच घराण्यातला.

त्याच्याकडं तर मधल्या उंचीवर हात थांबवायचीच सोय नाही. लिव्हर वर केली की हात पूर्ण वर, खाली केली की खाली. शिवाय लिफ्टचा पंप पीटीओच्या, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या, शाफ्टवर, त्यामुळं पीटीओची लिव्हर टाकल्याशिवाय लिफ्ट उठत नाही, आणि क्लच दाबला की पंपही थांबतो. तुमचं धुऱ्यावरचं दुखणं बहुधा हेच. एकेरी क्लच, म्हणजे चाकांना आणि पीटीओला मिळून एकच क्लच, असेल तर क्लच दाबून लिफ्ट उठणार नाही. थांबा, गिअर काढा, क्लच सोडा, मग लिव्हर ओढा.

त्याच्या पीटीओचं टोकही बारीक, २९ मिमीचं, आणि आजची सगळी अवजारं ३५ ची. म्हणून मध्ये एक जोडनळी घालावी लागते आणि शाफ्ट तेवढा लांबतो. तुमच्या मॅसीचं टोक मोजून घ्या, ३५ असेल तर ही भानगड नाही.

म्हातारा सांगतो, या ट्रॅक्टरबरोबर एक पाना मिळायचा, त्याच्या दांड्यावर इंचाच्या खुणा कोरलेल्या. अवजार लावायला, खोली मोजायला तेवढा एकच पुरायचा. आता त्याच्याकडं पान्यांच्या तीन पेट्या आहेत आणि एकातही हवा तो पाना नसतो.

तात्या_लेथवाला
विलायतेतल्या भाऊंनी बरं सांगितलं. फर्ग्युसनचा विषय निघालाच आहे तर टॉप लिंकचं सांगतो. ती बारीक काठी दिसते म्हणून लोक ती अशीच कशीबशी अडकवतात. तिच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागं नुसता ओढला जायचा, दगडाला फाळ अडकला की पुढची चाकं उठायची आणि ट्रॅक्टर चालकावर उलटायचा. ज्याच्या नावाचे हे ट्रॅक्टर त्या हॅरी फर्ग्युसननं हे तीन जोड बसवले, तेव्हा नांगर अडला की वरची काठी ट्रॅक्टरला पुढं दाबायला लागली. म्हणून टॉप लिंकऐवजी साखळी लावणारा दिसला की मी त्याला दुकानातून हाकलतो. असे दिसतात, खोटं वाटेल.

सीना_नदी
पीटीओ शाफ्टचं कुणी नीट बोललं नाही. जुना रोटाव्हेटर दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मापानं कापलेला शाफ्ट घेऊन येतो. पाहुण्यांचा ट्रॅक्टर कुठला होता? शाफ्ट लांब असेल तर रोटाव्हेटर खाली-वर करताना आतली नळी बाहेरच्या नळीच्या तळाला ठोकते आणि सगळा धक्का गिअरबॉक्सवर जातो. जोडण्याआधी शाफ्टचे दोन तुकडे वेगळे करा, एक ट्रॅक्टरला, एक रोटाव्हेटरला लावा आणि लिफ्ट हळूहळू पूर्ण वर-खाली करून शेजारी शेजारी धरून बघा. सगळ्यात जवळ आल्यावरही इंचभर मोकळं पाहिजे, सगळ्यात लांब गेल्यावर निदान तिसरा हिस्सा एकमेकांत पाहिजे. पुन्हा जोडताना दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आलेत ना ते बघा, नाहीतर सगळा रोटाव्हेटर थरथरतो आणि माणूस बेरिंगं बदलत बसतो.

टॉप लिंक अशी लांब-आखूड करा की काम करताना रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचं टोक ट्रॅक्टरच्या टोकाशी समांतर दिसेल. आणि रोटाव्हेटरला लिफ्ट पोझिशनवर वापरा, म्हणजे लिव्हर ठेवाल त्या उंचीवर हात राहतात. ड्राफ्ट, म्हणजे ओढ वाढली की हात आपोआप वर-खाली होतात ते, नांगरासाठी. ड्राफ्टवर टाकलं तर रोटाव्हेटर रानात नाचतो.

एकेरी क्लचबद्दल आणखी. उद्या पाचट कुट्टी, म्हणजे उसाचा पाला बारीक करणारं यंत्र, लावायचा मोह झाला तर आधी विचारा. कुट्टीचा रोटर जड असतो, क्लच दाबला तरी तो फिरत राहतो आणि पीटीओकडून उलटा ट्रॅक्टरला ढकलतो. तुम्ही क्लच दाबून बसलाय आणि ट्रॅक्टर बांधाकडं चाललाय. मला विहिरीपासून चार फुटांवर घाम फुटला होता. त्यासाठी पीटीओवर एकाच दिशेनं पकडणारी जोडणी बसवतात, काही कुट्ट्यांच्या गिअरबॉक्समध्ये ती आतच असते. घेण्याआधी हातानं रोटर उलटा-सुलटा फिरवून बघा.

शाफ्टवरचं प्लास्टिकचं झाकण काढून फेकलेलं असेल तर पहिलं ते लावा. उपरणं, लुंगी, आईच्या पदराचं टोक, काहीही ओढलं जातं.

वारणाकाठ
मी तरी म्हणतो, दुहेरी क्लच बसवून घ्या.

तात्या_लेथवाला
दादा, नुसती प्लेट बदलून होत नाही. ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो आणि आतलंही बदलावं लागतं. तेवढ्या खर्चात ते दहा हंगाम भाड्यानं रोटाव्हेटर मारून घेतील.

बार्शीचं_रान
मंडळी, झालं ते सांगतो.

कान आतल्या बाजूला सरकले, एकेक बोल्ट लोखंडी ब्रशनं घासून काढावा लागला. पिना मागून नटच्या होत्या, २२ च्या घेतल्या. उजव्या बाजूचं हँडल दोन दिवस डिझेलमध्ये भिजून सुटलं, आता एका हातानं फिरतं. शाफ्ट खरंच लांब निघाला, लिफ्ट वर केल्यावर टोकाला टोक भिडत होतं. दोन्ही नळ्या आणि दोन्ही झाकणं सारख्याच मापानं कापली. पीटीओचं टोक ३५ च आहे.

काल एकट्यानं जोडला. तेवीस मिनिटं लागली. आई ओट्यावर बसून बघत होती, मध्ये शिरू दिली नाही. डावा, उजवा, टॉप लिंक. टॉप लिंकची पिन शेवटच्या अर्ध्या इंचाला अडली तेव्हा उजवं हँडल एक आटा फिरवलं आणि ती आपोआप आत गेली. त्या आवाजाला मी मोठ्यानं ओरडलो, कुत्रं भुंकायला लागलं.

लिफ्ट अजून आपोआप खाली बसते. जोडताना आता त्याचा त्रास नाही, पण रोटाव्हेटर उचलून रस्त्यानं न्यायचा तर काय करू? मिस्त्री म्हणतो लिफ्टच्या पिस्टनच्या रिंगा गेल्यात, वरचं झाकण काढावं लागेल. हे काम घरी जमण्यासारखं आहे का?

तात्या_लेथवाला
झाकण जड असतं, साखळीचा कप्पा नसेल तर हात लावू नका. आणि आधी तेल बघा. किती दिवसांत बदललं नाही?

बार्शीचं_रान
आण्णा गेल्यापासून नाही.

तात्या_लेथवाला
मग आधी तेल.