एकाच पेनड्राइव्हवरून क्यूजीआयएस: विंडोज, उबुंटू आणि मॅक

शिवारनकाशा: नमस्कार मंडळी. पाणलोट नकाशांच्या कार्यशाळेसाठी ६४ जीबीचे २५ पेनड्राइव्ह भरायचे आहेत. संगणक सरमिसळ आहेत: बहुतेक विंडोज, थोडे उबुंटू, दोन मॅक. तिथे इंटरनेटचा भरवसा नाही. ओएसजिओफोरडब्ल्यूचा (विंडोजवर क्यूजीआयएस, म्हणजे नकाशे बनवायचं मोफत सॉफ्टवेअर, बसवणारा संच) फोल्डर तसाच कॉपी केला, तर दुसऱ्या मशीनवर क्यूजीआयएस उघडत नाही. तिन्हीकडे थेट ड्राइव्हवरून चालेल असं काही करता येईल का?

बिंदूरेषा: थेट चालवायचा हट्ट विंडोजपुरताच ठेवा. फोल्डर हलवता येतो, पण त्यातल्या बिन फोल्डरमध्ये डॉट ईएनव्ही फाइल असते आणि तिच्यात इन्स्टॉल करतानाचे पूर्ण मार्ग लिहिलेले असतात. ड्राइव्हचं अक्षर ई-चं एफ झालं की सगळं कोलमडतं. नोटपॅडमध्ये उघडून मार्ग दुरुस्त करा आणि ईएक्सईऐवजी शेजारची डॉट बॅट चालवा. तिला प्रोफाइल्स-पाथ हा पर्याय (आधी दोन डॅश) द्या, नाहीतर प्लगइन आणि सेटिंग त्या संगणकाच्या ॲपडेटात जाऊन बसतील. एमएसव्हीसीपी१४० सापडत नाही असं आलं, तर व्हिज्युअल सी++ चा रनटाइम टाकावा लागेल. त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तो आधीच विचारून ठेवा.

उताराची_दिशा: ड्राइव्हचं फॉरमॅट एक्सफॅटच करा. फॅट३२ वर ४ जीबीची एक फाइलही बसत नाही, आणि उपग्रहचित्र त्याहून सहज मोठं असतं. पण एक्सफॅटवर सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे) राहत नाहीत, म्हणून मॅकचं ॲप उलगडून ठेवू नका. डीएमजी (मॅकची इन्स्टॉलर फाइल) जशीच्या तशी द्या आणि ॲप मॅकच्या ॲप्लिकेशन्समध्ये ओढायला सांगा.

उबुंटूसाठी फ्लॅटपॅकची (लिनक्सवर ॲप बसवायची पद्धत) क्रिएट-यूएसबी आज्ञा वापरा, ॲपला लागणारा रनटाइमही सोबत येतो. त्याआधी दोन्ही मशीनवर (ड्राइव्ह भरणाऱ्या आणि इन्स्टॉल करायच्या) फ्लॅटहबचा, म्हणजे फ्लॅटपॅक ॲपच्या भांडाराचा, कलेक्शन-आयडी 'ऑर्ग डॉट फ्लॅटहब डॉट स्टेबल' असा लावा. तो नसेल तर साइडलोड-रेपो (ड्राइव्हवरून बसवायचा पर्याय) देऊनही इन्स्टॉल होत नाही.

शिवारनकाशा: धन्यवाद. डेटा शेपफाइलमध्ये (नकाशाच्या डेटाचा जुना फाइल-प्रकार) आहे, चालेल ना?

बिंदूरेषा: नको. शेपफाइलच्या रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. 'क्षेत्रफळ' तीन चिन्हांतच छाटलं जातं. जिओपॅकेज (सगळा डेटा एकाच फाइलीत ठेवणारा प्रकार) घ्या. मात्र क्यूजीआयएस बंद करूनच ड्राइव्ह काढा, कारण ताज्या नोंदी शेजारच्या डब्ल्यूएएल या तात्पुरत्या फाइलीत असू शकतात. प्रोजेक्टमधले मार्ग सापेक्ष ठेवा आणि फाइलींची नावं सगळी लहान इंग्रजी अक्षरांत, कारण लिनक्सला मोठं-लहान अक्षर वेगळं वाटतं. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट प्रोफाइलच्या फॉन्ट्स फोल्डरात टाका, मंगल फक्त विंडोजवर असतो.

उताराची_दिशा: एक राहिलंच. क्यूजीआयएसचा परवाना जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) आहे, त्यामुळे प्रती वाटताना त्याच आवृत्तीचा सोर्सही (मूळ कोड) ड्राइव्हवर ठेवा. जागा फारशी जात नाही. ईसीडब्ल्यू आणि मिस्टरसिड या चित्र-प्रकारांची प्लगइन मात्र काढून टाका, त्यांचा परवाना वेगळा आहे.