आगमनकाळाचे चार आठवडे, घरची शाळा आणि एकच ओटीजी: कसं बसवायचं?

फुगेवाली
नमस्कार मंडळी. घरीच शिकणारी दोन मुलं आहेत, वय ९ आणि ६. नाताळाआधीचे चार आठवडे नेहमीचं वेळापत्रक सैल करून रोजचं वाचन-प्रार्थना, फराळ, केक आणि अभ्यास एकत्र बसवायचा आहे. माहेर वसईचं कॅथलिक, सासर अहिल्यानगरकडचं प्रोटेस्टंट. म्हणजे यादीत कुलकुल (गोड पिठाचे तळलेले शंख), फुगे (यीस्टच्या पिठाचे तळलेले गोळे), मिल्क क्रीम (दुधाची मिठाई) आहे, तशा करंज्या, चकल्या, शंकरपाळीही आहेत. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) २८ लिटरचा, एकच. नेमकी अडचण अशी:

१) रम-वाईन घरात चालत नाही. केकची फळं कशात भिजवायची आणि असा केक टिकतो किती? फळं तळाला बसू नयेत म्हणून काय करायचं?
२) कुलकुल तेलात उलगडतात आणि चार दिवसांत मऊ पडतात. कारण काय असेल?
३) या सगळ्यात खरंच अभ्यास होतो का, की नुसती धांदल?

पाटावरवंटा
आधी क्रम ठरवा, पाककृती नंतर. बहुतेक जण आगमनकाळाच्या मेणबत्त्यांच्या (दर रविवारी एक) हिशेबाने आखतात: पहिल्या आठवड्यात हे, दुसऱ्यात ते. तिथेच गोची होते. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांत कधीही येतो, त्यामुळे हा काळ २२ ते २८ दिवसांचा असतो. २५ डिसेंबर सोमवारी आला (२०२३ मध्ये आला होता, २०२८ मध्ये पुन्हा येईल) की चौथा रविवार म्हणजेच २४ तारीख. चौथ्या आठवड्यावर टाकलेली सगळी कामं त्या एका दिवसात येऊन कोसळतात. म्हणून २५ पासून उलटं मोजा आणि जो पदार्थ जास्त टिकतो तो आधी करा.

संत्र्याची साखरेतली साल सगळ्यात आधी, नोव्हेंबरअखेर. नागपुरी संत्री तेव्हा भरपूर असतात. कुलकुल ८ ते १२ डिसेंबर. चकली आणि करंजी (सुक्या खोबऱ्याच्या सारणाची, ओल्या नारळाची नको) १५ ते १८. केक १९-२० ला. मिल्क क्रीम २२-२३ ला. फुगे २५ लाच सकाळी, कारण दुपारनंतर ते चिवट होतात.

आणि यादी कापा. कुलकुल आणि शंकरपाळीचं पीठ जवळपास सारखंच असतं. त्यातलं एकच ठेवा. दोन्ही घरांचा मान राखायला ताटात सहा पदार्थ लागतात असं कुणी सांगितलंय?

डबाभरकेक
पहिल्या प्रश्नाचं उत्तर. १८ सेंमीचा, निदान ७ सेंमी उंच गोल डबा धरून प्रमाण देते.

फळं एकूण ३५० ग्रॅम: काळ्या मनुका १२५, बेदाणे १००, खजूर ५०, टुटीफ्रुटी ५०, संत्र्याची साल २५. सगळं बेदाण्याएवढं चिरायचं. १५० मिली संत्र्याचा रस घालून पातेल्यात मंद आचेवर पाच मिनिटं उकळायचं, झाकून गार करायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये. रम जे काम महिनाभरात करते त्यातलं मुरण्याचं काम उष्णतेने लवकर होतं. टिकवण्याचं मात्र होत नाही. रसात भिजवलेली फळं ओट्यावर ठेवली तर आपल्या हवेत दोन-तीन दिवसांत आंबतात. वर बुडबुडे दिसले, आंबूस वास आला की सरळ फेकून द्या. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, त्याहून जास्त नको.

केकसाठी: लोणी किंवा बटर १५०, साखर १२०, अंडी ३, मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, दालचिनी-लवंग-जायफळ पूड मिळून एक चमचा, चिमूट मीठ. रंगासाठी ७५ ग्रॅम साखर कोरडीच जाळून तांबूस-काळी झाली की ६० मिली गरम पाणी. हे पाणी घालताना पाक उसळतो आणि त्याचा चटका वाईट असतो. त्या पाच मिनिटांत मुलं स्वयंपाकघराबाहेर. पाक पूर्ण गार करूनच वापरायचा.

बटर-साखर पांढुरकी होईपर्यंत फेटा, अंडी एकेक करून घाला. अंडी फ्रिजमधून थेट काढलेली असतील तर मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. तेव्हा एक चमचा मैदा घातला की जुळून येतं. मग जळक्या साखरेचा पाक आणि चाळलेला मैदा आलटून पालटून, शेवटी निथळून घेतलेली फळं.

फळं मैद्यात घोळवली की बसत नाहीत, असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्याने फरक पडतो, पण थोडाच. खरी कारणं तीन: फळं ओली राहिली, पीठ सैल झालं, नाहीतर बेकिंग पावडर जास्त पडली. फळं चाळणीत अर्धा तास निथळा आणि फडक्यावर टिपा. पीठ उचललेल्या चमच्यावरून घरंगळायला नको, गोळ्याने पडायला हवं. निथळलेला रस केकमध्ये ओतायचा मोह टाळा.

डब्याला आतून बटर पेपरचे दोन थर, बाहेरून तपकिरी कागदाची पट्टी. ओटीजी १५० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू, जाळी खालच्या खाचेत. ५० मिनिटांनी वर फॉइल सैल झाका. एकूण वेळ दीड ते पावणेदोन तास. मध्येच उंचवटा येऊन भेग पडली तर आच जास्त होती. ओटीजीच्या डायलवरचा आकडा १५-२० अंशांनी सहज चुकतो, तेव्हा आत टांगायचा थर्मामीटर घ्याच.

असा केक डिसेंबरात बाहेर पाच दिवस, फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतो. आधी करायचा असेल तर पूर्ण गार करून, न कापता, दोन थरांत गुंडाळून फ्रीझरमध्ये. दोन महिने काही होत नाही. केलेल्या दिवशी मात्र कापू नका, भुगा पडतो.

तळणीताई
कुलकुलांबद्दल. मैदा ५०० ग्रॅम, पिठीसाखर १००, तूप ५० ग्रॅम (गरम करून मोहन), अंडं १, नारळाचं दाट दूध १२५ ते १५० मिली, चिमूट मीठ. दूध एकदम ओतू नका. पिठीसाखर विरघळली की पीठ आपोआप सैल पडतं. चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास.

उलगडतात कशामुळे? बहुतेक वेळा पृष्ठभाग सुकल्यामुळे. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर (किंवा फक्त यासाठी ठेवलेल्या कोऱ्या कंगव्यावर) अंगठ्याने दाबत पसरायची आणि खालच्या कडेकडून गुंडाळत आणायची. शेवटची कड चिकटायला हवी. गोळी सुकली असेल तर ती नुसती टेकते, चिकटत नाही. तेलात गेली की आतली वाफ तिला ढकलते. म्हणून परातीतलं पीठ झाकलेलं हवं, एका वेळी दहाच गोळ्या बाहेर काढायच्या. काट्याला मैदा लावू नका, तुपाचं बोट पुसा. सुका मैदा तेलात जाऊन काळा पडतो आणि सगळा घाणा फेसाळतो.

मऊ पडण्याचं कारण जवळजवळ नेहमी आच. तेल कडक असलं की पिठातली साखर दोन मिनिटांत रंग आणते आणि आत ओल राहते. पिठाचा तुकडा टाकल्यावर सावकाश वर यायला हवा, १६० अंशांच्या आसपास. एक घाणा सहा-सात मिनिटं. काढताना रंग हवा त्यापेक्षा एक छटा फिका ठेवा. बाहेर आल्यावर तो चढतो. कागदावर पसरून पूर्ण गार, मगच डब्यात. कोमट भरले की झाकणाला घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया.

वरून साखर हवी असेल तर २०० ग्रॅम साखर, ६० मिली पाणी, पक्का पाक. त्यात कुलकुल घालून पाक पांढरा पडेपर्यंत हलवत राहा. एकतारीवर थांबलात तर चिकट गोळा होतो. पिठातच साखर आहे, त्यामुळे निम्मेच पाकवले तरी पुरे.

मातीचीपाटी
तिसऱ्या प्रश्नाबद्दल: अभ्यास होतो, पण प्रत्येक पदार्थाची वर्कशीट केली की होत नाही. मुलं पिठात हात घालायच्या आधीच कंटाळतात. काम आधी, वही नंतर, आणि वहीत रोज एकच गोष्ट.

कुलकुलांचंच बघा. वरच्या प्रमाणात अंडं ५० आणि दूध १४० ग्रॅम धरलं तर पीठ ८४० ग्रॅम होतं. एक गोळी ४ ग्रॅमची केली तर २१०. नऊ वर्षांच्या मुलाला आधी अंदाज करू द्या, मग भागाकार, मग तळून झाल्यावर मोजणी. आकडा जुळणार नाही, आणि का जुळला नाही हे शोधण्यातच खरं गणित आहे. सहा वर्षांच्या मुलाने दहा-दहाचे ढीग लावावेत. केकसाठी: १८ सेंमीच्या डब्याची पाककृती २३ सेंमीच्या डब्यात करायची तर सगळं किती पट? वर्तुळाचं क्षेत्रफळ अजून आलेलं नसेल तर दोन्ही डबे सारख्याच उंचीपर्यंत कपाने पाणी मोजून भरायचे. साधारण १.६ पट येतं.

यीस्टचा प्रयोग फुग्यांच्या आधल्या दिवशी. तीन बाटल्या, प्रत्येकीत १०० मिली पाणी, एक चमचा साखर, अर्धा चमचा यीस्ट. एक पाणी फ्रिजमधलं, एक कोमट, एक उकळतं (ते तुम्ही ओता). तोंडाला रबरी फुगे लावायचे आणि दर १५ मिनिटांनी फुग्याचा घेर सुतळीने मोजायचा.

वाचनासाठी इशायाचं (दावीद राजाच्या वडिलांचं) झाड सोपं पडतं: वाळकी फांदी बरणीत रोवून रोज एक कागदी चित्र टांगायचं. सुरुवात यशया ११:१ वरून, मग उत्पत्ती, रूथ, १ शमुवेल १६, मीखा ५:२ असं करत लूक २ पर्यंत. मेणबत्त्यांच्या चक्राचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. हाम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न या पाळकाने १८३९ मध्ये आपल्या संस्थेतल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. मुलांना नाताळाला किती दिवस उरले ते कळावं, हा उद्देश. त्यात रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या होत्या आणि बाकीच्या दिवसांच्या लहान लाल. आजच्या तीन जांभळ्या आणि एक गुलाबी (ती तिसऱ्या रविवारी) नंतरच्या. तुमच्या घरात दोन्ही परंपरा असल्याने कुठले रंग हा वाद होऊ शकतो. मुलांना दोन्ही चित्रं काढू द्या.

मराठीसाठी ना. वा. टिळकांची कविता पाठांतराला घ्या. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण (ख्रिस्तचरित्रावरचं जुनं मराठी काव्य; राचोल, गोवा, १६१६) या वयाला जड आहे, पण ख्रिस्तजन्माच्या दोन-चार ओव्या तुम्ही मोठ्याने वाचल्यात तर कानाला लागतील. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या) दहावीचा विचार आत्ता कशाला? त्याला किमान वय १४ आहे. तेव्हा गृहविज्ञान हा विषय घेता येतो, म्हणून पाककृतींची वही जपून ठेवा.

फुगेवाली
खूप धन्यवाद सगळ्यांना. शंकरपाळी यादीतून बाद! एक राहिलं: फुगे गोल येत नाहीत, शेपट्या फुटतात. आणि मुलांना तळणीपाशी काय देऊ?

तळणीताई
शेपूट म्हणजे पीठ घट्ट किंवा हात कोरडा. ५०० ग्रॅम मैद्याला इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर ५०, मीठ ८, अंडी २, कोमट नारळाचं दूध २५० ते ३०० मिली. पीठ हाताला चिकटणारं, ताणलं तर लांबणारं हवं. वड्याच्या पिठासारखं सुटं नको. दुप्पट व्हायला डिसेंबरच्या सकाळी दोन तासही लागतात, घड्याळापेक्षा पातेल्याकडे बघा. डाव्या मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर दाबायचा, मूठ आवळून तोडायचा, उजव्या हाताच्या तेल लावलेल्या चमच्याने उचलून अलगद तेलात. चमचा दर वेळी तेलात बुडवला की शेपूट येत नाही. तेल कुलकुलांपेक्षा थोडं गरम, १७५ च्या आसपास, नाहीतर फुगे तेल पितात. बहुतेक फुगे आपले आपण उलटतात. जो उलटत नाही त्याला झाऱ्याने ढकला.

दोन्ही मुलं तळणीपासून निदान चार फूट लांब. मोठ्याला घड्याळ आणि वही, धाकट्याला कागद अंथरलेल्या टोपलीची राखण. शेजाऱ्यांकडे द्यायची ताटं दोघांनी भरायची; त्यात फुगे घालू नका, पोचेपर्यंत बसतात.