ब्विंडीत गोरिला बघायला ६७ वर्षांच्या आईला नेता येईल का?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत युगांडाला जायचं चाललंय. मी, नवरा आणि आई. आईनं तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. कुठे जायचं म्हणून आजवर तिनं कधी हट्ट केला नाही, या वेळी मात्र स्वतःहून म्हणाली, "एकदा गोरिला बघायचाय." त्यामुळे ही ट्रिप तिचीच आहे.

गोरिला बघायचं परमिट रवांडात माणशी १५०० डॉलर, युगांडात ८००. तिघांचा हिशोब मांडल्यावर युगांडातलं ब्विंडीचं जंगलच ठरलं. पण परमिट विभागवार मिळतं आणि इथेच आमचं अडलंय. न्कुरिंगोचे चढ सगळ्यात अवघड, बुहोमा त्यातल्या त्यात सोपं आणि रुशागात माणसांना सरावलेले कळप जास्त, असं कळलं. गोरिला रोज जागा बदलतात, म्हणजे चालणं तासाभराचं की पाच-सहा तासांचं हे त्या दिवशीच कळणार. सकाळी पर्यटकांचे गट पाडताना वय सांगितलं तर जवळचा कळप देतात म्हणे. खरंच देतात का?

आई दर रविवारी पर्वती चढते. चढताना काही नाही, उतरताना डावा गुडघा दुखतो. मग एका हातानं कठडा धरून आधी डावा पाय, त्याच्या शेजारी उजवा, अशी एकेक पायरी उतरते. ब्विंडीत ना पायऱ्या ना कठडा. ओला चिखल, वेली आणि कोयत्यानं मोकळी केलेली वाट. हात धरायला पोर्टर घेणारच आहोत, गावातल्या माणसाला रोजगारही मिळतो. ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी सांगा, एक पोर्टर पुरला का? अगदीच चालवेना तर खुर्चीत बसवून उचलून नेतात, पण आईला ते अजिबात नकोय.

दुसरी काळजी यलो फीवरच्या लशीची. ती टाळता येत नाही, परत येताना भारतातही लस घेतल्याचं कार्ड बघतात. पण साठीनंतर पहिल्यांदाच घेताना गंभीर रिअॅक्शनचा धोका थोडा वाढतो. निर्णय डॉक्टरांना विचारूनच घेऊ. तरी तुमच्या घरात कुणी साठीनंतर घेतली असेल, तर पुढचे आठ-दहा दिवस कसे गेले ते जरूर लिहा.

आणखी एक. सर्दी-खोकला असलेल्याला आत सोडत नाहीत. ते योग्यच आहे, आपला संसर्ग गोरिलांच्या जिवावर बेतू शकतो. जगात माउंटन गोरिला हजाराच्या थोडेच वर उरलेत, त्यातले निम्म्याच्या आसपास या जंगलात. पण आईला धुळीची अॅलर्जी आहे, सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका येतात. डॉक्टरांचं पत्र दाखवलं तर चालतं का? की तिथला माणूस सांगेल तोच शेवटचा शब्द? तसं असेल तर आम्ही ऐकू, फक्त आईला आधीच सांगून ठेवायला हवं.

या महिन्यात परमिटचे पैसे भरायचे आहेत. बुहोमा घेऊ की रुशागा?