मदत हवी आहे: बिल्डर म्हणतो वॉटरप्रूफिंगची गॅरंटी एकच वर्षाची

बेसाकर_४०१
चौथ्या मजल्यावर राहतो, वर गच्ची. पाऊस लागला की छताला ओल येते, पोपडे आईच्या अंथरुणावर पडतात. परवा रात्री पंख्याच्या कपातून पाणी ठिबकलं, मेन स्विच पाडून अंधारात बसलो. खाली पार्किंगमध्ये बीमच्या सळया उघड्या दिसून राहिल्या. बिल्डर म्हणतो, करारात एक वर्ष लिहिलंय, विषय संपला. केस कुठे टाकू? लवकर सांगा.

शंकासुर
ताबा कधीचा? सोसायटी की अपार्टमेंट? रेरा नंबर आहे का, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याखालची नोंदणी? काहीच न सांगता केस कुठे टाकू म्हणता!

बेसाकर_४०१
मे २०२१ ला राहायला आलो. अपार्टमेंट आहे, १६ फ्लॅट. रेरा नंबर करारावर आहे.

काळाकोट
राहायला कधी आलात हे नाही विचारलं. ताबापत्रावरची तारीख पहा. रेराच्या कलम १४(३) मध्ये ताब्यापासून ५ वर्षं धरतात. तेवढ्यात दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला की ३० दिवसांत त्यानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा, नाही केला तर भरपाई. करारातल्या एका वर्षानं ही ५ वर्षं कमी होत नाहीत.

कोबावाले_भाऊ
कायदा राहू द्या. कोबा उखडा, नवा टाका. मनीषनगरला आमच्या गच्चीचं काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं. ४५ डिग्रीत तापते गच्ची, भेगा पडतीलच ना. केमिकलवाल्यांच्या नादी लागू नका.

काळाकोट
अहो, उखडायला नका सांगू! पुरावाच मलब्यात जाईल. आधी फोटो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट.

ग्राहकराजा
रेरा कशाला? ग्राहक आयोगात जा. माझ्या फ्रिजचे पैसे व्याजासकट मिळाले.

काळाकोट
फ्रिज आणि स्लॅब एक नाही. रेरा असलं तरी आयोगाचं दार बंद नाही, इम्पेरिया स्ट्रक्चर्स या बिल्डरच्या निकालात सुप्रीम कोर्टानं २०२० मध्येच ते स्पष्ट केलं. पण तिथं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत. ओल पहिल्यांदा कधी दिसली यावरच समोरचा वकील दोन तारखा खाईल.

ग्राहकराजा
तुमच्या रेरात काय लगेच तारीख लागते?

सीताबर्डीची_काकू
डीम्ड कन्व्हेयन्स केलं का, म्हणजे बिल्डरनं जमीन नावावर करून दिली नाही तर सरकारकडून करून घेतात ते? आधी ते करा, बाकी नंतर.

शंकासुर
काकू, ते सोसायटीचं. यांचं १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्यातलं अपार्टमेंट, इथं बिल्डिंग या कायद्याखाली आणल्याचं डिक्लरेशन आणि ज्याच्या त्याच्या फ्लॅटचं मालकीचं डीड. पण बेसाकर, पार्किंगचे बीम सगळ्यांचे आहेत. त्याचं पत्र असोसिएशनच्या लेटरहेडवर जाऊ द्या, तुमच्या छताचं वेगळं.

बेसाकर_४०१
ताबापत्र सापडलं. १८ ऑगस्ट २०२०! म्हणजे महिनाही नाही उरला. तेव्हा कोरोनामुळे कोणी राहायलाच आलं नव्हतं. केस इतक्यात कशी होईल?

काळाकोट
केस नाही, नोटीस बिल्डरपर्यंत ५ वर्षं भरायच्या आत पोचायला हवी. आजच स्पीड पोस्ट आणि ईमेल, दोन्ही. फोनवर बोललो असं चालणार नाही. एक सांगा, गच्चीवर कोणी काही बसवलंय का?

बेसाकर_४०१
सोलर. मागच्या डिसेंबरात. पण त्याचा काय संबंध?

काळाकोट
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं बाप्पा! बिल्डर सरळ म्हणेल, स्टँडचे बोल्ट ठोकताना वॉटरप्रूफिंग तुम्हीच फोडलं.

बेसाकर_४०१
ओल आधीची आहे. जुलै २०२३ चे फोटो बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते. आत्ता वर चढून पाहिलं, स्टँड पाण्याच्या टाकीकडं आहे, माझी बेडरूम दुसऱ्या टोकाला. नोटीस लिहायला घेतली. सेक्रेटरी म्हणतात, मीटिंग झाल्याशिवाय लेटरहेड देत नाही. मीटिंग रविवारी.

शंकासुर
तुमची स्वतःची रविवारपर्यंत थांबवू नका.

कोबावाले_भाऊ
सोलर किती किलोवॅटचं बसवलं? सबसिडी जमा झाली का? आमची अडकून आहे.