मदत हवी आहे: एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ शाफ्टला ०.८ फिनिश येत नाही

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी लेथ. सध्या एसएस ३०४ चे शाफ्ट चालू आहेत, व्यास २० मिमी, लांबी १८० मिमी. ड्रॉइंगवर आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ०.८ मायक्रॉन मागितलंय आणि आमचा टेस्टर १.६ च्या खाली उतरायला तयार नाही.

फिनिश कटला स्पीड १२० मीटर/मिनिट, फीड ०.१ मिमी/फेरी, डेप्थ ०.३ मिमी, इन्सर्टचा (कापणाऱ्या टिपचा) नोज रेडियस, म्हणजे टोकाची गोलाई, ०.४ मिमी. फीडचा वर्ग भागिले (३२ गुणिले रेडियस), या हिशेबाने आरए ०.७८ मायक्रॉन येतो, म्हणजे कागदावरच काठावर आहोत. म्हणून ०.८ रेडियस लावला. कागदावर आकडा निम्मा झाला, पण जॉबच्या मधल्या भागात चॅटरच्या (कापताना होणाऱ्या थरथरीच्या) बारीक लाटा उमटल्या, नख फिरवलं की जाणवतात. दुसऱ्या टोकाला आधार म्हणून टेलस्टॉकचं सेंटर लावलेलंच आहे.

दुसरं म्हणजे, भिंगातून पाहिलं तर इन्सर्टच्या धारेला चकचकीत धातू चिकटलेला दिसतो आणि जॉबवर तुटक ओरखडे. मला बिल्ट-अप एज (जॉबचाच धातू धारेवर साचणं) वाटतेय. स्पीड १८० पर्यंत नेऊ का? की आधी जास्त धारदार, पीव्हीडी (पातळ थराच्या) कोटिंगचा इन्सर्ट घेऊ? एवढ्या सडपातळ जॉबवर वायपर इन्सर्ट (फिनिश गुळगुळीत करणारी सपाट धार असलेला) कोणी चालवलाय का?

एमरी पेपर मारून आकडा येतो, पण बेअरिंगची जागा आहे, माप जातं. ते मला करायचं नाही. बाहेर ग्राइंडिंगला दिलं तर हातात काही उरत नाही.

ज्यांनी ३०४ वर हात घातलाय, त्यांनी आपले स्पीड-फीड जरूर सांगा. शुक्रवारी पहिला लॉट द्यायचा आहे.